राव

पाना घसरला आणि माझी बोटं गाडीच्या बुडाच्या पत्र्यावर जाऊन आदळली. "मेल्या!" मी ओरडले. ती शिवी नेमकी कुणाला होती ते मला विचारू नका; गंजून बसलेल्या त्या सेन्सरला असेल, पान्याला असेल, नाहीतर एकूणच सगळ्याला असेल. आणि तेवढ्यात सोप्यावरून, खुर्चीतून, ह्यांचा आवाज आला, "राव." मी पाठीवर पडलेली, अंगाखाली तांदळाचं रिकामं पोतं, डोळ्यांत गंजाचा भुगा, बोटांची सालं निघालेली, आणि हे म्हणतायत राव. "रावलें हो, रावलें," मी खालूनच म्हटलं. "आनी कितें करूं?" त्यावर परत, "राव." झालं. सकाळपासून हेच चाललंय. सकाळपासून कशाला, ह्यांना झटका आला तेव्हापासून हेच चाललंय.

राव म्हणजे थांब. राव म्हणजे राहा, इथेच राहा, जाऊ नको. माझ्या माहेरी, तुयेला, आम्ही मालवणी वळणानं 'रव' म्हणतो. लग्न होऊन डिचोलीला आले तेव्हा ह्या 'राव'ला मी खूप हसले होते, मला वाटायचं सासूबाई दिवसभर कुणा सरदाराला हाका मारतायत. आमचे हे, कृष्णनाथ, जन्मभर सरकारी बसवर ड्रायव्हर. डिचोलीहून पणजी, पणजीहून वास्को, परत. मागून कुणीतरी पिशवी सावरत ओरडणार, राव रे राव, कुणाचं पोर खाली राहिलेलं, कुणाची म्हातारी पायरीवर अडकलेली. रात्री जेवताना हे सांगायचे, "अख्खो दिस लोक माका राव म्हणटात आनी हांव धांवतां." स्वतः मात्र कधी कुणाला राव म्हणाले नाहीत, त्यांना धीरच नव्हता. बोलायला लागले की ताटातली आमटी गार व्हायची, माझी, त्यांची नाही. ते जेवत जेवत बोलायचे. असा माणूस. आणि झटका आला तो उजवा हात, उजवा पाय आणि सगळी वाचा घेऊन गेला, मागे एवढा एक शब्द ठेवून. म्हापशाचा डॉक्टर म्हणाला, होतं असं, कुणाला शिवी उरते, कुणाला देवाचं नाव उरतं, ह्यांना हा उरला. भूक लागली, राव. लघवी लागली, राव. पेजेत मीठ कमी, राव. चवथीला शेजारची पोरं आरती म्हणायला आली तर टाळ्यांच्या मधे मधे, राव, राव. पोरं हसली. मीही हसले, मग आत जाऊन रडले.

परेशचं म्हणणं वेगळं. परेश आमचा एकुलता एक, वास्कोला बंदरावर एका शिपिंगवाल्याकडे असतो. तो म्हणतो, "आई, तो शब्द न्हय, ती टेप. बसींतली टेप अडकल्या. बाबाक कायच समजना." मी म्हणते समजतं. सगळं समजतं. एका रावमध्ये आणि दुसऱ्या रावमध्ये फरक असतो, तुझ्या कानांत बोटींचे भोंगे गेलेत म्हणून तुला कळत नाही. तो म्हणतो, बरं, मग विचार त्याला काहीतरी आणि दाखव मला. मी विचारते, "चा जाय?" हे म्हणतात राव. "नाका?" राव. परेश माझ्याकडे बघतो, त्या बघण्याचा मला इतका राग येतो म्हणून सांगू, कारण त्यात कीव असते. वास्कोला त्याच्या फ्लॅटच्या जवळ एक जागा आहे, अशा माणसांना ठेवून घेतात, रोज व्यायाम करून घेतात, बाया असतात उचलायला. बाबांनी तिथे राहायचं, मी परेशच्या घरी. घराला कुलूप. "त्याक समजनाच जाल्यार त्याक खंय आसलें तरी कितें पडलां?" असं म्हणाला माझा मुलगा. म्हणजे सगळं येऊन थांबतं ते इथे. ह्यांना समजत नसेल तर परेशचं बरोबर. समजत असेल तर बापाला घरातून उचलून परक्यांच्यात टाकणं मी मेले तरी होऊ देणार नाही.

आणि ही गाडी मधेच आडवी आली. गाडीवरच तर सगळं चालू होतं. आठवड्याला दोनदा ह्यांना घालून म्हापशाला फिजिओकडे न्यायचं. मी गाडी शिकले पन्नाशी उलटल्यावर, ह्यांच्या शिव्या खात खात, शेजारी बसून हा माणूस रिकाम्या पायानं ब्रेक दाबायचा. त्या दिवशी अस्नोड्याच्या अलीकडच्या चढावर गाडी खोकायला लागली, पिवळा दिवा तर केव्हापासून पेटलेलाच होता, आणि धक्के खात मधोमध बंद पडली. मागे खनिजाचे ट्रक नसले तरी टँकर होते, भोंगे, उन्हाचा रट्टा, ह्यांची मान एका बाजूला कललेली, लाळ शर्टावर, आणि तोंडानं राव, राव, राव. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले. शेवटी परेशलाच फोन करावा लागला. वास्कोहून येऊन त्यानं आम्हांला घरी आणलं. उंबऱ्यात म्हणाला, "आयतारा येतां. गाडी चालू जाली आसली जाल्यार पळोवया. ना जाल्यार बाबाक घेवन वतां." गॅरेजवाल्या निलेशनं गाडी ओढून अंगणात आणली, खाली वाकून बघितलं न बघितलं आणि सांगितलं, सायलेन्सरच्या पाइपात दोन सेन्सर असतात, धुरात हवा किती उरली ते हुंगून इंजिनला सांगायचं त्यांचं काम, ते दोन्ही मेलेत. वरचा निघेल. खालचा गंजून पाइपाशी एक झालाय, तो निघायचा नाही, अख्खा पाइप कापावा लागेल, आणि माझ्याकडे आठवडाभर वेळ नाही. आयतार, म्हणजे रविवार, चार दिवसांवर; तोवर गाडी चालली नाही तर परेश ह्यांना घेऊन जाणार. म्हटलं ठेव तुझा वेळ तुझ्याकडे. म्हापशाहून नवे दोन आणले. ह्यांची हत्यारांची पेटी घरात होती, वायर जायला चीर ठेवलेला तो खास पानाही त्यात होता. ह्यांनी गाडीला कधी दुसऱ्याचा हात लागू दिला नव्हता. मी चहा घेऊन जायची तेव्हा बघितलेलं सगळं. आधी इंजिन चालू करून पाइप तापवायचा, मग बंद करून गंजाचा फवारा मारायचा, भिजू द्यायचा, मग लगेच सोडायला जायचं नाही, आधी किंचित आवळायचं, मग सोडायचं, परत आवळायचं. "घट्ट बसलेल्याक आदीं आनीक घट्ट करचें," म्हणायचे, "म्हणजे ताका दिसता आपूण जिखलो." म्हणजे त्याला वाटतं आपणच जिंकलो. असला आगाऊपणा बोलण्यात.

तर आज आयतार. वरचा सेन्सर सकाळी निघाला, फार त्रास न देता. मग ह्यांची पद्धत तशीच, पुढची चाकं फळ्यांवरून चिऱ्यांवर चढवली, मागच्या चाकांना दगड लावले, खोकत का होईना चालू होणारं इंजिन तापवलं आणि खाली शिरले. साठीला आलेली बाई, जुना पंजाबी ड्रेस, डोक्याला पंचा. समोरच्या दुकानावरचे दोघे पाव घेता घेता बघत उभे राहिले, राहू देत. खाली एक वेगळंच जग असतं. तापलेल्या लोखंडाचा, जळक्या तेलाचा आणि शेजाऱ्यांच्या म्हशीचा असा एक वास. कानाशी मातीतल्या मुंग्या. आणि मला ह्यांचं अंग आठवायला लागलं, म्हणजे आयतारी दुपारी गाडीखालून बाहेर आलेलं, ह्याच वासाचं, घामेजलेलं. मी नाक मुरडायची आणि ते मुद्दाम जवळ यायचे. आता त्या अंगाला पावडरचा आणि डेटॉलचा वास येतो. मीच लावते दोन्ही. रोज सकाळी कूस बदलताना तोंड माझ्या खांद्यावर येतं आणि मला कळत नाही, ह्याच्यात तो आहे का. बोलायची चोरी, परेशसमोर तर मुळीच नाही, पण पहाटे पहाटे मला कळत नाही. मग चहा होईपर्यंत मी स्वतःला परत पटवते, आहे, आतमध्ये आहे, ऐकतोय.

पाना लावला, आवळला, सोडला, जीव काढून ओढला. हूं नाही की चूं नाही. पुन्हा फवारा. पुन्हा. शेवटी माझं टाळकं सरकलं. "सुटत नाहीस, तुटत नाहीस," मी त्या सेन्सरला म्हटलं, मोठ्यानं, चांगलं मोठ्यानं, "नुसतो चिकटून बसलायस माझ्या जिवाक. किती छळशील? एकदाचो सुट रे, सुट आणि माका मोकळी कर!" वरून आवाज आला नाही. म्हटलं डोळा लागला वाटतं.

मग मारुती आला. मागच्या खोलीत भाडेकरू आहेत, मारुती आणि त्याची हौसा, गडहिंग्लजकडचे, तो इथल्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये कामाला. गडी सोन्यासारखा. त्याची एक गंमत आहे. त्याला वाटतं आमचे हे त्याला 'राव' म्हणतात. येता जाता हे म्हणणार राव, आणि हा थांबून, हात जोडून, "बोला काका." हौसाला सांगतो, गावाकडं बा सुदिक मारत्या म्हणतोय, हितं एवढा मोठा माणूस मला मारुतराव म्हणतोय. मी दोन-तीनदा सांगून बघितलं, अरे बाबा, आमच्याकडे राव म्हणजे थांब. तो मान हलवतो आणि पुन्हा "बोला काका." मग सोडून दिलं. एकाला तरी त्या शब्दातून मान मिळतोय, मिळू दे.

"काकू, हाताला रगत आलंय की तुमच्या," मारुती वाकून म्हणाला. "सरा, मी वडतो." मी म्हटलं, मी बाहेर आले तर पाना जागेवर कोण धरणार, तो घसरतोय तर खरं. तेव्हा ठरलं असं की मी खालून दोन्ही हातांनी पाना दाबून धरायचा आणि मारुतीनं पान्याच्या दांड्यावर नळाचा लांब पाइप चढवून बाजूनं ओढायचं. तो सोप्याकडे तोंड करून बसला, मागच्या चाकाकडे पाठ. "लावतो बगा," म्हणाला, आणि लावला जोर. गाडी वर कुरकुरली. पान्यातून ती ताकद माझ्या मनगटांत उतरली, खांद्यात गेली. "राव," वरून आवाज. म्हटलं, जागे झाले. मारुतीनं दम घेतला, पुन्हा ओढलं. "राव! राव!" मला ऐकू येत होतं. चांगलं ऐकू येत होतं. गेले कित्येक महिने दिवसभर ऐकते तसंच मी तेही ऐकलं, म्हणजे कावळा ओरडतोय, पंखा फिरतोय, हे राव म्हणतायत. "राव!" आणि मारुतीनं दातओठ खाऊन असा हिसका दिला की माझ्या हातांत काहीतरी कट्ट झालं, आणि त्याच वेळी आभाळ हललं. माझं तिथलं आभाळ म्हणजे गाडीचं बूड. ते सरकलं. पुढचं चाक चिऱ्यावरून फळीच्या उतारावर आलं, लोखंड माझ्या छातीवर उतरलं, पाइप ड्रेसला टेकला, त्याची धग कापडातून आत आली, आणि मग सगळं थांबलं. थांबलं ते हँडब्रेकनं म्हणा, दुसऱ्या चाकाच्या दगडानं म्हणा. मला श्वास घ्यायला जागा होती, पण पुरा घ्यायला नव्हती. मारुतीनं पाय धरून मला पोत्यासकट बाहेर ओढलं. इंजिन तापवल्यावर गाडी गिअरमध्ये टाकायची मी विसरले होते. मागच्या चाकाचा दगड केव्हाचा इंचाइंचानं निसटत आला होता, अंगणात त्याची ओली रेघ दिसत होती. आम्हां दोघांना तो दिसत नव्हता. सोप्यावरून तो बरोबर समोर दिसत होता.

"आरं देवा, आरं देवा," मारुती म्हणाला. "काकू, माझी चूक झाली. मी सोडणारच हुतो, पर काका म्हणाले राव, राव, मला वाटलं मलाच हाक मारून लाव जोर म्हणत्यात, म्हणून मी आणि वडलं." मी त्याच्याकडे बघितलं. मग सोप्याकडे. हे खुर्चीत नव्हते. म्हणजे खुर्चीतून अर्धे उठले होते, डावा हात सोप्याच्या खांबाला, उजवं अंग लोंबतंय, तोंड उघडं, चेहरा घामानं निथळत होता. झटका आल्यापासून हा माणूस आपल्या आपण उठला नव्हता. मी धावले. अशी धावले की छातीवर भाजलंय हे नंतर कळलं. त्यांना परत बसवलं, पायाशी मीही बसले आणि हसायला लागले, वेडीसारखी. समजतं! बघ परेश, ये आता, बघ, टेप म्हणतोस काय, अरे ह्यांनी दगड बघितला, ह्यांनी मला वाचवायला हाक मारली, एकदा नाही, चारदा! मारुती तिकडे गाडी परत सरळ करून दगड ठोकत होता. तो मधेच ओरडला, "काकू, सुटला की हो!" खरंच सुटला होता. त्या हिसक्यानं पाइपाशी एक झालेला तो गंजका गोळा फिरला होता, हातानं निघाला. त्यानं तो आणून माझ्या तळव्यावर ठेवला, अजून गरम. सेन्सर सुटला, गाडी चालू होणार, ह्यांना समजतं, सगळं समजतं. मला पाहिजे ते सगळं एका दमात मिळालं. असं कधी झालंय का माझ्या जन्मात!

मी तशीच बसून राहिले आणि हसणं हळूहळू कुठे गेलं ते कळलं नाही. ह्यांना समजतं. म्हणजे दगड जसा समजला तसं बाकीचंही. म्हणजे परेश ह्याच सोप्यावर उभा राहून, त्याक खंय आसलें तरी कितें पडलां, म्हणाला ते. सून रूपाली नाकाला ओढणी लावून चादरीकडे बघत होती ते. डॉक्टर ह्यांच्या डोक्यावरून माझ्याशी बोलत होता ते. चवथीला आम्ही सगळे हसलो ते. भिंतीसमोर बोलावं तसं ह्यांच्यासमोर बोललेलं सगळं, शब्द न् शब्द, ह्या बडबड्या माणसानं आत घेतलं आणि बाहेर काढायला त्याच्यापाशी हा एकच शब्द. आणि आजचं? आज सकाळी गाडीखालून मी जे ओरडले ते? सुटत नाहीस, तुटत नाहीस. सुट आणि माका मोकळी कर. त्यांना कुठून दिसणार मी कुणाशी बोलतेय! त्यांना दिसत होते फक्त माझे पाय.

"आयकलें मूं," मी म्हटलं. "तें मगाशीं म्हटलें तें तुमका न्हय. ह्या मेल्याक म्हटलें." मी सेन्सर त्यांच्यापुढे धरला. "तुमका हांवें कधीं 'तूं' म्हटलां? जल्मांत म्हटलां? तुमीच सांगात." मला तेवढाच आधार दिसत होता. सगळ्या संसारात मी ह्यांना भांडणात सुद्धा अरेतुरे केलेलं नाही, हे त्यांना कळायलाच पाहिजे. हे माझ्याकडे बघत होते. नजर स्वच्छ होती, अगदी पूर्वीची, रिटायर होऊन बसची किल्ली जमा करून आले त्या दिवसासारखी. माझ्या सालं निघालेल्या बोटांवर ती नजर गेली, ड्रेसच्या जळक्या डागावर गेली, आणि परत तोंडावर आली. मला तेव्हाच विचारायचं नव्हतं. पण परेश येणार होता, आणि मला त्याच्या तोंडावर मारायला उत्तर पाहिजे होतं.

"परेश येतलो आतां," मी म्हटलं. "तुमी घरांच रावतले मूं? म्हज्याकडेन? सांगात, रावतले मूं?"

राहणार ना, ह्या प्रश्नाला चुकीचं उत्तर देताच येत नव्हतं. पेजेला राव, आरतीला राव, डासाला राव म्हणणारा माणूस. त्यांनी नुसतं तोंड उघडं ठेवलं असतं तरी तो शब्द आपोआप बाहेर पडला असता. मी वाट बघितली. त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी ते मिटले. डाव्या बाजूचे मिटले, उजवीकडचा लोंबता कोपरा मिटेना म्हणून डावा हात वर नेऊन तो बोटांनी दाबून धरला. असं तोंड घट्ट धरून ते माझ्याकडे बघत बसले, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात काढला नाही. "म्हणात," मी म्हटलं. "एक फावट म्हणात." मी त्यांचा गुडघा हलवला. "अहो, राव म्हणात!" मारुती अंगणात हातातला पाना तसाच धरून उभा होता.

परेशची गाडी फाटकाशी लागली. तो आत आला, चिऱ्यांवरची गाडी बघितली, माझा अवतार बघितला. "आई, हें कितें? गाडी चालू जाली?"

"जातली. सेन्सर सुटलो," मी म्हटलं. सोप्याच्या खांबाला धरून उठले. "आत जा आणि बाबाचे कपडे भर. लोकरीची टोपी घे, वारं सोसत नाही. पावडर कपाटावर आहे. सदरे डाव्या हातानं घालता येतात तेवढेच घे."

परेश उभाच राहिला. चार दिवस भांडायची तयारी करून आलेला मुलगा. "तूं तयार जाली?"

"मला कोण विचारतंय. बाबानं सांगितलं."

"बाबान?" त्यानं खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, परत त्याच कीव करणाऱ्या नजरेनं. "आई, कितें सांगलें बाबान?"

"काही नाही," मी म्हटलं. "काहीच नाही म्हणाला."